सुपरहिरोचा भांग कोणी पाडला?

आजचा भाग केसांवर आहे. म्हणजे सुपरहिरोंच्या केसांवर, आणि थोडा कपड्यांवर. हसू नका, यात इतिहास आहे आणि बराच आहे.

निमित्त असं की 2025 च्या जुलैमध्ये ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ आला. सिनेमा घडतो 1960 च्या दशकासारख्या एका जगात. त्यातली स्यू स्टॉर्म बघा: मानेपर्यंतचे केस, टोकं बाहेर वळवलेली, सगळं कसं जागच्या जागी. रीड रिचर्ड्सच्या कानशिलावर पांढरे पट्टे. ही मंडळी कॉमिकमध्ये पहिल्यांदा आली तीच 1961 साली, म्हणजे सिनेमानं त्यांना त्यांच्या जन्माच्या दशकात नेऊन सोडलं. यालाच आजकाल रेट्रो म्हणतात, मुद्दाम आणलेली जुनी ढब. हॉलिवूडमध्ये ही चाल काही आजची नाही. 2011 च्या ‘कॅप्टन अमेरिका’मध्ये पेगी कार्टरचे गुंडाळून बसवलेले केस आणि लालभडक लिपस्टिक महायुद्धाच्या काळातली होती. ‘कॅप्टन मार्व्हल’ 2019 ला आला, पण नायिका वावरते 1995 मध्ये, चौकटीचा शर्ट कमरेला बांधून. ‘वंडर वुमन 1984’मध्ये तर सालच नावात आहे, आणि त्यात कपडे बदलून बघण्याचा एक अख्खा विनोदी प्रसंग आहे.

त्यांना हे जमतं कारण त्यांच्याकडे कागद आहे. फॅशनची मासिकं, शाळांची वार्षिकं, दुकानांचे कॅटलॉग, सगळं सालवार लावलेलं. 1963 मध्ये अमुक शहरातली पोरगी केस कसे वळवायची, हे केशभूषाकाराला दुपारभरात सापडतं.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. समजा कोणी ठरवलं की सुपरहिरोची गोष्ट 1975 सालच्या कळंबमध्ये घडवायची. होय, आपलं कळंब, इंदापूर तालुक्यातलं, नीरेकाठचं, वालचंदनगरला खेटून असलेलं. दिवसा साखर कारखान्यात पाळी करणारा आणि रात्री गावावरून उडणारा पोरगा. त्याच्या डोक्यावर केस कसे दाखवायचे? कल्ले कुठपर्यंत? पँट किती ढगळ? कारखान्याच्या कॉलनीतल्या आणि वाडीवरच्या पोराच्या शर्टाची कॉलर एकच होती का? विचारायचं कुणाला? (जिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार झाले, तिथं उडणारा माणूस ही कल्पना काही फार लांबची नाही, हे आपलं जाता जाता.)

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला मागे जावं लागलं, पार 1930 च्या दशकात. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला ते हेच दशक. आणि याच दशकात मुंबईला परळमध्ये वाडिया मूव्हीटोनच्या स्टुडिओत एक बाई चाबूक उडवत होती.

मेरी एव्हान्स. जन्म 1908 चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातला. पडद्यावरचं नाव नादिया. 1935 साली होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेला ‘हंटरवाली’ आला आणि देश वेडा झाला. राजकन्या दिवसा राजकन्या असते, पण अन्याय दिसला की तोंडाला मुखवटा, गुडघ्यापर्यंत बूट, आखूड चड्डी आणि हातात हंटर. तारखा लावून बघा. वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम, अमेरिकेच्या वर्तमानपत्रात आला फेब्रुवारी 1936 मध्ये. सुपरमॅन आला 1938 मध्ये. त्यांच्याआधी परळमध्ये मुखवटा चढलेला होता. सुपरहिरो आपण शोधला असा दावा मी करत नाही, कारण वाडियांच्या डोळ्यांपुढे डग्लस फेअरबँक्सचा 1920 चा ‘मार्क ऑफ झोरो’ होता. उसनं दोघांनीही एकाच दुकानातून घेतलं. फक्त आपण जरा लवकर घेतलं.

पण मला थांबायचंय ते तिच्या केसांपाशी. नादियाचे केस सोनेरी, आखूड. जे. बी. एच. वाडिया, होमींचे थोरले बंधू आणि कंपनीचे कर्तेधर्ते, यांना सुरुवातीला काळजी पडली की ही गोरी बाई आपल्या लोकांना आपली कशी वाटणार? त्यांनी सुचवलं की नाव नंदादेवी ठेव आणि लांब काळी खोटी वेणी लाव. बाईंनी दोन्हीला नकार दिला. ना नंदादेवी, ना वेणी. त्या एका नकारामुळे आपल्या पडद्यावरची पहिली मोठी मुखवटाधारी नायिका सोनेरी केसांची राहिली. आणि प्रेक्षकांनी तिला आपलं मानलं ते केस बघून नव्हे, तर तिनं गुंडाला डोक्यावर उचलून फेकला ते बघून. तिच्या नावाचे पट्टे निघाले, काड्यापेट्या निघाल्या. वेणी लावली असती तर तिच्यासारख्या दहा निघाल्या असत्या असं माझं मत. 2017 चा ‘रंगून’ बघताना कंगना राणावतच्या ज्युलियामध्ये नादिया आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणजे नादियाचंच आता रेट्रो झालं.

तो परळचा स्टुडिओ पुढे 1942 मध्ये व्ही. शांताराम यांच्याकडे आला आणि त्याचं राजकमल झालं. तिथे पुढे जे सिनेमे झाले ते आपल्याला पाठ आहेत. त्याच जमिनीवर आधी हंटर उडत होता, हे मात्र विसरलोय.

नादियाच्याही आधी आपल्याकडे मास्टर विठ्ठल होते. मराठी माणूस, नाटक कंपनीतून कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आला. 1924 च्या ‘कल्याण खजिना’त पडद्यावर आला तो नाचणारीच्या वेषात. नाटकातून आलेल्या मुलाला टोप चढवून बाई होणं काही नवं नव्हतं. पुढे मुंबईला शारदा फिल्म कंपनीत हाच गडी तलवारबाजी करणारा, भिंतीवरून उड्या टाकणारा नायक झाला. लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. शारदा सोडून दुसरीकडे जाताना कराराचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला कोण होतं? बॅरिस्टर जिना. 1931 च्या ‘आलम आरा’चे, म्हणजे पहिल्या बोलपटाचे नायक हेच मास्टर विठ्ठल.

आणि ‘आलम आरा’ची प्रत आज कुठेही नाही. उरल्यात त्या जाहिराती आणि काही छायाचित्रं. आपल्या पहिल्या उडी मारणाऱ्या नायकानं पहिल्या बोलपटात कपडे कसे घातले होते ते आपण काही फोटोंवरून सांगतो. तो चालताना कमरेचा शेला कसा हलायचा, घाम आल्यावर केस कपाळावर कसे चिकटायचे, ते गेलं.

त्यातल्या त्यात नशीब म्हणजे त्याच काळातला ‘दिलेर जिगर’ हा मूकपट टिकलाय. 1931 चा, जी. पी. पवारांचा. त्याची नायिका ललिता पवार. आता ललिता पवार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? घट्ट अंबाडा, डोळ्यात राग, सुनेच्या नावानं खडे. बाई त्याआधी साहसपटांची नायिका होत्या हो! 1942 मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, डोळ्याला कायमची इजा झाली, आणि पुढची अनेक दशकं अंबाडा. एका माणसाची केशभूषा बदलली की आख्खं आधीचं आयुष्य कसं झाकलं जातं, बघा. (भगवानदादा स्वतःसुद्धा त्या काळात कमी खर्चाचे मारधाडीचे सिनेमे करायचे, ‘अलबेला’ 1951 चा, त्याच्या कितीतरी आधी.)

बरं, हे कपडे यायचे कुठून? डिझायनर वगैरे शब्द तेव्हा नव्हते. नाटक कंपन्यांकडे कपड्यांचा साठा असायचा, त्याला ड्रेपरी म्हणायचे, आजही जुनी माणसं म्हणतात. टोप, अंगरखे, शेले, तलवारी, सगळं पेट्यांमध्ये. मुंबईत मगनलाल ड्रेसवाला हे भाड्यानं पोशाख देणारं दुकान 1926 पासून आहे, आणि टीव्हीवरच्या ‘रामायण’, ‘महाभारत’ला पोशाख पुरवणारं नाव तेच. म्हणजे काय, की आपल्या नायकाचा पोशाख मुळात पेटीतून निघालेला असायचा. कालच्या नाटकातला अंगरखा आजच्या साहसपटात, परवा पौराणिकात. अमेरिकेतला केशभूषाकार साल शोधतो. आमचा पेटी उघडायचा. आपला नायक जुना दिसायचा तो कुणी ठरवून नव्हे, पेटीत जुनंच होतं म्हणून. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

कॉमिकमध्ये मात्र पेटी लागत नाही, तिथे चित्रकार मालक. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली. मराठीतही यायची, त्यातूनच वेताळ आपल्या घरात शिरला. पण 1976 मध्ये इंद्रजालनं आपला देशी नायक आणला: बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. आणि बहादूरचा वेष काय? भगव्या रंगाचा कुर्ता आणि खाली जीन्स. ना मुखवटा, ना केप. केस त्या काळच्या कॉलेजकुमारासारखे वाढलेले. 1976 च्या तरुणाचा याहून खरा पुरावा मला सापडलेला नाही. अंगात गावचा कुर्ता, पायात शहराची जीन्स. तेव्हा ते रेट्रो नव्हतं, अगदी ताजं होतं. आज कोणी बहादूरवर सिनेमा काढला तर तोच कुर्ता रेट्रो होईल.

आता गावाकडे येऊ. आपल्याकडे केसांची फॅशन सिनेमातून यायची आणि सलूनमध्ये उतरायची, आणि तिथे तिचं बारसं व्हायचं. देव आनंदसारखा कपाळावर उभा केलेला फुगा, त्याला आपण काय म्हणायचो? कोंबडा. कोंबडा पाडणे. (शाळेत गुरुजी करायला लावायचे तो कोंबडा वेगळा, पण पहिल्याबद्दल दुसरा भोगलेली मंडळी आहेत.) आणि सुपरमॅनच्या कपाळावरची ती वळलेली बट तरी काय, लहानसा कोंबडाच की! मुलींमध्ये साधना कट आला, 1960 च्या ‘लव्ह इन सिमला’मुळे. कपाळावर कापलेली झालर. साधनाचं कपाळ मोठं दिसू नये म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी सुचवलेली, आणि ती ऑड्रे हेपबर्नवरून घेतलेली. स्यू स्टॉर्म कॉमिकमध्ये अवतरली त्याच्या एकच वर्ष आधीची ही गोष्ट. गावात किती जणींना घरून परवानगी मिळाली असेल तो भाग वेगळा, बहुतेकींच्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी कायम. मग अमिताभसारखे कान झाकणारे केस, बेलबॉटम, मग मिथुन कट, मग संजय दत्तसारखी मानेवर रुळणारी झुलपं. आणि 2003 मध्ये ‘तेरे नाम’ आल्यावर मधोमध भांग पाडून डोळ्यांवर केस घेतलेली अख्खी एक पिढी. त्या पिढीचे दहावीच्या हॉलतिकिटावरचे फोटो कुणी जमवले तर स्वतंत्र प्रदर्शन होईल.

आमच्याकडे 1980 च्या दशकाचा सुपरहिरो म्हणजे ‘मिस्टर इंडिया’. 1987 चा. जत्रेत तंबू लागायचा, एका बाजूला जनरेटरची धडधड, आणि लाल काचेतून अरुण वर्मा दिसला की पोरं किंचाळायची. पण गंमत लक्षात घ्या. जो नायक दिसतच नाही त्याला पोशाखाचा खर्च कशाला? अनिल कपूर साध्या कोटात, डोक्यावर टोपी. अंगावरचे कपडे गरीब मास्तराचे. सगळा शिलाईचा खर्च गेला खलनायकावर. मोगँबो! सोनेरी टोप, जरतारी लष्करी कोट, उंच बूट. तो काही 1987 चा माणूस नाही, तो एकोणिसाव्या शतकातला कुठला तरी गव्हर्नर जनरल आणि आपल्याकडचा एखादा संस्थानिक एकत्र करून शिवलेला आहे. आणि तो शिवला कोणी? माधव अगस्ती यांनी. मूळचे नागपूरचे, मुंबईत जाऊन सिनेमावाल्यांचे आणि पुढे राजकारण्यांचेही शिंपी झालेले. मोगँबोचा दरारा निम्मा अमरीश पुरींच्या आवाजात आहे आणि निम्मा त्या कोटाच्या खांद्यांत, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्याच सिनेमात श्रीदेवी चार्ली चॅप्लिन होऊन येते, तो तर सरळ मूकपटाच्या काळातला वेष. म्हणजे आपण ज्याला पहिला आधुनिक देशी सुपरहिरोपट म्हणतो तो पेटीतल्या जुन्या कपड्यांनी भरलेला आहे.

मग 1988 चा ‘शहेनशाह’ आला, काळं चामडं आणि एका हातावर लोखंडी जाळी. त्यावर जास्त बोलत नाही, कारण मला 1997 ला जायचंय. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाला सप्टेंबर 1997 मध्ये. शक्तिमानचा मरून पोशाख आणि छातीवरचं सोनेरी चक्र सगळ्यांना आठवतं. मला जास्त बोलतो तो गंगाधर. चापून बसवलेले केस, चष्मा, पुढे आलेले दात. ही युक्ती सुपरमॅनची. 1978 च्या सिनेमात ख्रिस्तोफर रीव्हनं क्लार्क केंट करताना भांगाची बाजूच बदलली होती. पण आपल्याकडे तिचा अर्थ बदलला. क्लार्क केंट बावळट आहे, पण तो जुना नाही, त्याच्याच शहरातला आजचा माणूस आहे. गंगाधर बावळट आहे कारण तो जुना आहे. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, नावच बघा! चापून तेल लावलेले केस म्हणजे आपले आजोबा, आपले गावचे गुरुजी. 1997 मध्ये शाम्पूच्या पुड्या टपरीवर लटकत होत्या, आणि टीव्हीनं पोरांना सांगितलं की तेल लावलेलं डोकं दिसलं की हसायचं. त्या वर्षांत शाळेत तेल लावून आलेल्या पोराला गंगाधर म्हणत. ज्यांना म्हणत त्यांना ते लागायचं. मी म्हणणाऱ्यांच्यात होतो की ऐकणाऱ्यांच्यात, ते माझे फोटो बघून ओळखा.

इथे मला जरा गंभीर बोलायचंय. हॉलिवूडच्या सिनेमात जुने केस म्हणजे ऐट. आपल्याकडे जवळचे जुने केस म्हणजे हसू, आणि लांबचे जुने म्हणजे गौरव. मधलं काहीच नाही. मराठीत सुपरहिरोचा सिनेमा करायचा प्रयत्न झाला तो ‘बाजी’, फेब्रुवारी 2015, दिग्दर्शक निखिल महाजन, नायक श्रेयस तळपदे. धाडस होतं, मी थिएटरात जाऊन पाहिला आणि पुन्हाही पाहीन. पण मुखवट्यातला नायक शोधायला तो सिनेमा आख्यायिकेकडे, घोड्याकडे जातो. नावापासूनच मराठेशाहीचा वास. आपल्या कल्पनेत शौर्याचा पोशाख म्हटलं की अंगरखा, कल्ले आणि मिश्या, थेट सतराव्या शतकातल्या. टेरिकॉटची पँट घातलेला, कोंबडा पाडलेला, सायकलवरून कारखान्याच्या भोंग्याला पोचणारा माणूस शूर असू शकतो, हे आपल्या केशभूषाकाराला सुचत नाही. आणि सुचलं तरी त्याच्याकडे नमुना नाही, म्हणून तो मोबाइलवर 1960 असं टाकतो आणि अमेरिकेतला 1960 घेऊन येतो.

असं करायला लागत नाही याचं उदाहरण मल्याळममध्ये आहे. ‘मिन्नल मुरली’, डिसेंबर 2021, दिग्दर्शक बेसिल जोसेफ. गोष्ट केरळातल्या एका लहानशा गावातली, 1990 च्या दशकातली. टोविनो थॉमसचा जेसन कोण आहे? गावातला शिंपी. वीज अंगावर पडते, शक्ती येते, आणि सुरुवातीला हा गडी मुंडू नेसून, तोंडाला फडकं बांधून मारामारी करतो. पुढचा पोशाखही शिंप्याच्याच घरातला. बघताना मला वाटलं की हे गाव मला माहीत आहे. जंक्शनला असंच दुकान होतं, लासुर्ण्यातही होतं. तेव्हाचे सुती शर्ट, तशाच मिश्या, पायात तशाच चपला. या माणसांनी पोशाखाचं साल स्वतःच्या गावातून काढलं होतं.

तेव्हा मी गेल्या महिन्यात इथल्या एका जुन्या सलूनमध्ये जाऊन बसलो. दुकानाचे मालक सत्तरी ओलांडलेले, आता मुलगा मशीन चालवतो, ते फक्त दाढी करतात. त्यांना विचारलं, कोंबडा कसा पाडायचा? म्हणाले, कापून होत नाही, तो बसवावा लागतो. पुढचे केस लांब ठेवायचे, बाजूचे कात्रीनंच कमी करायचे, मशीन लावायची नाही. मग ओल्या केसात खोबरेल, फार नाही, बोटाच्या पेरावर येईल एवढं. कंगवा उलटा फिरवून फुगा उचलायचा आणि तळहातानं मागून आधार देऊन धरायचा, वाळेपर्यंत. पोरं आरशासमोर तशीच मान ताठ ठेवून बसायची म्हणाले, आणि बाहेर पडली की टोपी घालायची नाहीत, लग्नातसुद्धा फेटा नको म्हणायची. कल्ल्यांचा हिशोब त्यांचा वेगळाच होता. कानाच्या मध्यापर्यंत म्हणजे नोकरदार, पाळीपर्यंत म्हणजे कॉलेजात, त्याखाली गेले म्हणजे बाप विचारायला यायचा. मुलाला यातलं काही येतं का, विचारलं. मुलगा म्हणाला, फेड येतो, अंडरकट येतो, हे कुणी मागत नाही.

ही माहिती कुठल्याही मासिकात नाही. ती त्या तळहातात आहे.

तर मंडळी, माझी मागणी ऐका. घरात लोखंडी पेटीत, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बममध्ये 1960 ते 1990 मधले फोटो असतील. ते काढा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, कधी साल असतं, ते आधी टिपून ठेवा, शाई उडते. साल नसेल तर फोटोतल्या माणसाला विचारा, तो नसेल तर शेजारी उभा आहे त्याला विचारा. आणि फोटो मोबाइलवर घेताना चेहऱ्यावर थांबू नका. कॉलर, पँटची मोहरी, चप्पल, हातातलं घड्याळ, सगळं चौकटीत घ्या. बायकांच्या फोटोत वेणी मागे असते, ती दिसत नाही, तेव्हा आजीला विचारा की त्या दिवशी खोपा होता की अंबाडा, आणि आकडे कुठून आणले होते. आजी आधी म्हणेल, काय करायचंय तुला ते. जरा वेळ बसा, मग ती सांगायला लागते.